‘ऑड्स अँड एंड्स’ आणि अमडापूरचा बाजार

कलकत्त्यात मी साहेब लोकांचं सामान बांधतो. साहेब विलायतेला परत चालले की आम्ही बंगल्यावर जातो आणि पेट्या भरतो. काचेची पेटी, कपड्यांची, पुस्तकांची. शेवटी एक पेटी उरते, तिच्यावर आमचे मुकादम घोषबाबू खडूनं ‘ऑड्स अँड एंड्स’ लिहितात. कुलूप हरवलेली चावी, अर्धी मेणबत्ती, एकाच कानातलं डूल, बाहुलीचा बूट. मी अर्थ विचारला तेव्हा बाबू म्हणाले, “जिसका कोई घर नहीं, वो सब इसमें. अकेली चीज़ को ऐसा नहीं बोलते, ढेर होना मंगता. और ये बोलने की बात है, कंपनी के काग़ज़ पर मिसलेनियस लिखना.” म्हणजे आपलं सटरफटर. माझी शाळा चौथीतच सुटली, पण हा शब्द डोक्यात बसला.

त्यातच आईचा निरोप आला. माझ्या धाकट्या बहिणीच्या, वच्छीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं होतं. तेव्हापासून सासरचे तिला माहेरी पाठवत नाहीत, आई तिच्या दारात जात नाही. दोघींची गाठ पडते ती अमडापूरच्या बाजारात, तीही सासू बरोबर असताना. गेले कित्येक बाजार तेही जमलं नव्हतं. वच्छीला दिवस गेलेत असं आईच्या कानावर आलं होतं, पण खरं-खोटं कोणाला विचारणार? “या बाजाराले वच्छी येणार हाय. तूही ये,” एवढाच निरोप. मी रजा काढली.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिही म्हणालात म्हणून वाटही सांगतो. हावड्याहून नागपूरमार्गे येताना घाई असेल तर खामगावकडून या, तिकडून अमडापूर जवळ. मला एका जागी बसवत नाही आणि राजूरचा घाट पाहायचा होता, म्हणून मी मलकापूरपर्यंत गेलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या शिंगांवरसुद्धा पांढरे तंतू. एसटीत मी म्हटलं, “ज़रा सरको.” शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, “मराठी इसरला का बे?” घाटात बस इतकी हळू चढते की झाडं मोजावीत. वर बुलढाण्याला हवा एकदम गार. चहा तिथेच प्या. चिखलीला धर्मशाळेत पथारी टाकली आणि सकाळच्या गाडीनं अमडापूरला उतरलो. बाजारात गरम भजी मिळतात, बरोबर तळलेली मिरची मागून घ्या.

आई अजून आली नव्हती. ती भेटणार होती रहीमचाचांच्या ढिगाशी. चाचा साखरखेर्ड्याचे. सुया, गुंड्या, फण्या, रिबिनी, मणी, सगळं एका चादरीवर ओतून ते बाजारोबाजार बसतात. मला ओळखून म्हणाले, “कलकत्तेवाले, बस जरा. मी चहा पिऊन येतो.”

मी बसलो, आणि हाताला सवय. गुंड्या एकीकडे, फण्या एकीकडे, मणी रंगावारी. चाचा येईपर्यंत चादर अशी लागली की घोषबाबूंनी पाठ थोपटली असती. चाचांनी पाहिलं आणि नुसती दाढी खाजवली.

तेवढ्यात वच्छी आली. बरोबर सासू. लग्नात मी नव्हतो, त्यामुळे बाई मला ओळखत नव्हत्या. वच्छीनं मला पाहिलं आणि पदर सावरला, बस्स. सासूनं समोरच्या ढिगलीतून चोळीच्या गुंड्या चटकन वेचल्या.

“भेटल्या. चाल.”

वच्छीनं गाडीरस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर आई नव्हती. तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलं ते. शोधायलाच काही उरलं नव्हतं, मग बसायचं कशासाठी?

“दाखवा बाई,” चाचा म्हणाले. “यातली एक फुटकी हाय.” त्यांनी गुंड्या चादरीवर टाकल्या, चारी कोपरे उचलून गाठोडं केलं, दोनदा हलवलं आणि पुन्हा पसरलं. “आता पाहून घ्या जोडीच्या.”

“हे काऊन केलं चाचा? आता दिवस जाईन,” सासू म्हणाली.

“जाऊ द्या. बाजार कुठं चालला पळून? बसा.”

सासू पुटपुटत बसली. वच्छी बसली. ढीग उपसू लागल्या. बऱ्याच वेळानं आई धापा टाकत आली आणि समोर टेकली. विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

“या फणीचे दात बरे हाय,” आई ढिगाला म्हणाली. “भाकर जाते का पोटात?”

“जाते,” वच्छी एक रिबीन उलगडत म्हणाली. “सकाळची नाही जात.”

मग तिनं ढिगाच्या तळातून एक काळा मणी काढला, पांढऱ्या ठिपक्यांचा. तान्ह्या लेकराच्या मनगटीत दृष्टीसाठी ओवतात तो. आईच्या तळव्यावर ठेवला. आईनं मूठ मिटली आणि ती उघडेचना.

मी सासूकडे पाहिलं. तिच्या डाव्या मुठीत गुंड्या केव्हाच गोळा झाल्या होत्या. उजवा हात तरी ढीग चिवडतच होता.

“एका मण्यानं काय होते?” ती मान वर न करता म्हणाली. “मनगटीले चांगले चार लागतात. पाहा अजून, दोघीजणी मिळून.”

उन्हं कलेपर्यंत त्या मणी शोधत होत्या. चाचांनी मला भजी आणायला पिटाळलं, “हात रिकामा ठेवू नको बेटा, पुन्हा काही लावून ठेवशील.”

कलकत्त्याला परत आल्यावर पहिलंच काम अलीपूरच्या एका बंगल्यात निघालं. शेवटची पेटी भरायची होती. मेमसाहेब आत डोकावल्या आणि खाली बसून एकेक वस्तू उचलून पाहू लागल्या. बाहेर ट्रक उभा. घोषबाबूंनी घड्याळाकडे बोट केलं, खिळे ठोक म्हणून खूण केली.

“हातोडी मिळत नाही, बाबू,” मी म्हटलं.

ती माझ्या मांडीखाली होती.