आठ इंची ताटली

वडिलांच्या पुढचं ताट काढून घेणारा मुलगा आमच्या घराण्यात माझ्याआधी झाला नव्हता. तो मान माझा. बरं, हे काही भांडणातून झालं नाही की वाटणीतून. निव्वळ प्रेमातून झालं, आणि थोड्याशा भूमितीतून. (मी लातुरात एका शाळेत गणित शिकवतो. पुढे जे जे बिघडलं त्याचं मूळ तिथं आहे.)

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निलंग्याला चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, पत्रे, दोर, सुतळी. आता दुकान दुसऱ्याला दिलंय आणि अण्णा-आई आमच्याकडे लातूरला राहतात. दसऱ्यानंतर अण्णांची साखर तपासली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट आधी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. दोन्ही वेळा आकडा तोच होता.

"तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "गोळ्या वेळेवर घ्या आणि जेवण निम्म्यावर आणा. नाहीतर रोज पोटात इंजेक्शन."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. चाळीस वर्षं किलोनं खिळे विकलेला हा माणूस सुईला इतका घाबरतो, की आई त्यांच्यासमोर साधं बटण लावायला बसत नाही! रिक्षात बसल्यावर त्यांनी मला, म्हणजे बसूला, हळूच विचारलं,

"बसू, पोटात म्हनल्या का रे त्या?"

"हो अण्णा."

"आन् रोज?"

"रोज."

मग ते घर येईपर्यंत माझा हात धरून बसले. अण्णांनी माझा हात याआधी धरला होता तो निलंग्याच्या बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना, मी पहिलीत असताना. ही सुई अण्णांच्या पोटाला लागू द्यायची नाही, असं मी त्या रिक्षातच ठरवून टाकलं.

उपाय सापडला मोबाइलवर. ताट लहान केलं की माणूस आपोआप कमी जेवतो म्हणे! मी तडक पट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. अण्णांचं ताट काशाचं. आईच्या मामानं लग्नात दिलेलं, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी अण्णांचं नाव कोरलेलं. भरलं बारा इंच. म्हणजे क्षेत्रफळ एकशे तेरा चौरस इंच. आठ इंची ताटलीचं भरतं फक्त पन्नास!

"निम्म्याहून कमी!" मी ओरडलोच. "अण्णांना काही सोडायची गरज नाही. नुसतं ताट बदललं की झालं!"

"आणि आई?" मंगल, म्हणजे माझी बायको, कणीक मळता मळता म्हणाली. "त्या बदलणारेत का?"

हा प्रश्न भूमितीत बसत नव्हता, म्हणून मी सोडून दिला.

रविवारी दुपारी अण्णांची निम्मी भाकरी झाली असताना मी ते ऐतिहासिक कृत्य केलं. काशाचं ताट उचललं आणि नवी ताटली पुढे सरकवली.

"ह्ये काय?"

"ताट, अण्णा."

"ह्ये तर डब्याचं झाकन हाय."

वाटीच्या जागी मी नैवेद्याची वाटी ठेवली होती आणि तुपाच्या पळीच्या जागी खोकल्याच्या औषधाचा चमचा. अण्णांनी चमचा वर करून उजेडात धरला. त्यावर मिलीलिटरच्या रेघा होत्या. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, एकवार आपल्या पोटाकडे पाहिलं (त्यांना सुई आठवली असणार) आणि मुकाट्यानं जेवू लागले.

आता आईचा कायदा सांगतो. जेवणाऱ्याच्या ताटाचा तळ दिसता कामा नये. बारा इंची ताटाचा तळ दिसायला पंधरा मिनिटं लागायची. या ताटलीचा तीन मिनिटांत दिसला! आईनं वाढलं. पुन्हा दिसला. आईनं पुन्हा वाढलं. त्या दिवशी अण्णांना सात वेळा वाढण्यात आलं आणि एरवी दोन भाकरी खाणारा माणूस तीन खाऊन उठला! नको म्हणायची सोय नाही, कारण समोर आई. टाकायची सोय नाही, कारण आमच्याकडे ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत. अण्णांनी ताटली धुतली, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "झाकन बेस हाय, बसू. लई दिसानी पोटभर जेवलो."

"आई! अगं, इंजेक्शन टोचवायचंय का त्यांना?"

"एवढं एवढंच तर वाढलाव की रे!"

मग मी नियम केला. एकदाच वाढायचं आणि भांडी उचलून आत न्यायची. आई भांडी घेऊन आत गेली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती, पदर डोळ्यांना लावून.

"पन्नास वर्सं झाली," ती म्हणाली. "एकदा वाढून मी कदी उठले न्हाई. हाटेलात बी दुसऱ्यांदा इचारतेत, बसू."

मला फार वाईट वाटलं. पण सुई डोळ्यापुढे होती, मी नियम मोडला नाही.

मात्र आईच्या हाताला नियम लागू झाला नाही. भाकऱ्या तितक्याच होत राहिल्या. "हाताला काय सांगू मी, डॉक्टरीनबाई काय म्हनल्या ते?" त्यामुळे रोज अण्णांची एक भाकरी उरायची, भाजी उरायची, तूप उरायचं. अन्न टाकायचं तर नाहीच. शिवाय ते काशाचं ताट फळीवर उपडं पडलेलं आईला बघवत नव्हतं.

"लग्नातलं ताट हाय. असं रिकामं ठेवू नये. तू जेवत जा त्यात."

मी जेवू लागलो. वडिलांची साखर कमी व्हावी म्हणून मुलानं एवढंही करू नये? शाळेतून दमून यावं, एकशे तेरा चौरस इंच भरलेले असावेत, त्यात अण्णांची वाचलेली भाकरी असावी, आणि आईचा चेहरा उजळलेला असावा. "बसू तरी माझा नीट जेवतो," असं ती म्हणायची, तेव्हा मला श्रावणबाळासारखं वाटायचं. पँट जरा आवळते आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तो दोष मी धुलाईच्या पावडरीला दिला.

दोन महिने असे गेल्यावर मी उपचार आणखी कडक केला. कमरेला दोरा बांधायचा. पोट भरत आलं की दोरा रुततो आणि माणूस थांबतो, असं मोबाइलच म्हणाला होता. आमच्या बाप्यांच्या कमरेला करदोडा असतोच, म्हणजे निम्मं काम पूर्वजांनी करून ठेवलेलं! पण सुती करदोडा सैल पडतो, म्हणून मी दुकानातून उरलेल्या मालातली नायलॉनची दोरी काढली.

अण्णांनी ती बोटात धरून पाहिली. "नायलॉन नको रे. ह्ये ओढलं की गाठ आवळत जाती. सुती घे."

"अण्णा, सुती ताणते. मोजमाप चुकतं."

"मी चाळीस वर्सं दोरीच इकली, बसू."

"पण मी बीएस्सी आहे, अण्णा."

अण्णांनी स्वतःच्या कमरेला सुती दोरा बांधला. नायलॉन मी माझ्या कमरेला बांधली, आदर्श म्हणून.

आणि आठच दिवसांत आली येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातुरात माणूस शोधून सापडत नाही. बाजार बंद, रस्ते ओस, सगळे शेतात. जो घरी सापडेल तो आजारी समजावा. आम्हीही निलंग्याजवळच्या आमच्या तुकड्यावर गेलो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी होती, पूजा झाली, आंबील शिंपडून झालं. मग उघडली ती पातेली! सगळ्या शेंगांच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे, आणि मडक्यातली गार आंबील. या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. तिथं मी पिशवीतून आठ इंची ताटली काढली. शेजारच्या बांधावरचे लोक बघायला आले. एकानं विचारलं, "अण्णा, तब्येत लई बिगाडली का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पोरगं शिकल्यालं हाय."

अण्णा त्या ताटलीत निमूट जेवून पाच मिनिटांत उठले. मला धन्य वाटलं. पुढच्या आठवड्यात तपासणी होती, आणि येळवसीचा गड आम्ही राखला होता! त्या आनंदात मी माझ्या ताटाकडे वळलो. अण्णांच्या वाट्याची भज्जी, अण्णांच्या वाट्याचे उंडे, अण्णांच्या वाट्याची खीर. कर्तव्यात मी कसूर केली नाही. दोरी रुतत होती, पण मोजमापात थोडीफार चूक धरायचीच असते. वर तीन तांबे आंबील झाली.

तेवढ्यात माझी नजर कोपीमागं गेली. अण्णा! पाठमोरे, उकिडवे बसलेले, एका हातात भज्जीचं पातेलं आणि दुसऱ्या हातात पळी. माझी नाही, खोकल्याची नाही, जुनी मोठी पळी!

"अण्णाऽऽ! सुई!" असं ओरडून मी ताडकन उठलो. निदान अर्धा उठलो. उरलेला अर्धा दोरीनं उठू दिला नाही. गाठ कचकन आवळली, श्वास वर अडकला आणि मी ताटासकट बाजूच्या हरभऱ्यात आडवा झालो.

"मंगल! दोरी! दोरी!"

मंगलनं गाठ ओढली. ओढल्यावर ती आणखी आवळली. आई धावत आली, हात उष्टा, तोंडात घास. "माझं लेकरू! डोळे बगा की त्याचे!" पाठोपाठ विळा घेऊन अण्णा आले. त्यांनी घाई केली नाही. माझा सदरा वर केला, दोरीखाली दोन बोटं घालून बघितली. बोटं जाईनात. स्वतःच्या कमरेचा सुती दोरा त्यांनी सहज ओढून दाखवला. त्यात अख्खी मूठ गेली.

"नायलॉन हाय," ते सगळ्यांना म्हणाले, आणि विळ्यानं दोरी कापली. कापल्यावर मी जो श्वास सोडला, त्यानं म्हणे शेजारच्या बांधावरचे बैल उभे राहिले.

"पण तुम्ही तिथं पळी घेऊन काय खात होता?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"खातो कशाला? हिला वाढलालतो."

कोपीमागं खरंच एकच ताट होतं. आईचं. आणि ते काठोकाठ भरलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात अण्णांचा रिपोर्ट आला, तेव्हा आईही आमच्याबरोबर दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि त्या हसल्या. "कमाल केलीत आजोबा! इंजेक्शन नाही. कसं जमवलंत?" मी छाती पुढे केली, पण त्या अण्णांनाच विचारत होत्या.

अण्णा जरा लाजले. "तेवढ्या ताटलीतलं जेवन पाच मिन्टात उरकतं बगा. मंग नुस्तं बसून काय करावं? पोरगं शाळंत गेलं की दुपारी हिला वाढत बसतो. आजवर ही समद्याच्या मागून, उभ्या उभ्या खायची. मला ठावंच न्हवतं. आता ही बसती, मी वाढतो. आन् एक सांगू का? वाढनाऱ्याला भूक लागत न्हाई."

आई खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते. पन्नास वर्षांत तिला कुणी "अजून थोडं घे" म्हटलं असेल का, याचा हिशेब मी, घरातला गणिताचा माणूस, कधी केलाच नव्हता. मला तिथंच तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकायची भीती वाटत होती.

"आणि हा दुसरा रिपोर्ट?" डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. (आदर्श म्हणून मीही रक्त दिलं होतं.) त्यांनी चष्मा काढून पाहिला. मग लावून पाहिला. "हे पेशंट कुठायत?"

रिक्षात घर येईपर्यंत मी अण्णांचा हात धरून बसलो.

त्या दिवसापासून काशाच्या ताटात आई जेवते. तेही अण्णांच्या आधी, आणि गरम. त्या दुपारी अण्णांनी स्वतःसाठी बाजारातून दुसरी ताटली आणली, आपली धुऊन पुसून माझ्यापुढे ठेवली आणि शेजारी सुती दोऱ्याचं एक बंडल ठेवलं. नैवेद्याच्या वाटीत आईनं वरण वाढलं आणि डोळे पुसत भांडी आत नेली.

आठ इंची ताटलीचं क्षेत्रफळ पन्नास चौरस इंच असतं, हे मी तीन महिने भेटेल त्याला सांगत होतो. पन्नास म्हणजे किती कमी असतं, हे मला त्या दुपारी तिसऱ्या घासाला कळलं. चौथा नव्हताच.