वीस अक्षरी पासवर्ड आणि कुंकवाची पाच बोटं

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. मशीनला लिंबू-मिरची बांधा म्हणणाऱ्या पोरांना मी झापतो. तरीपण २००७ साली खंडेनवमीला, कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी, सकाळी साडेनऊला जे घडलं ते लिहितोच... हसायचं तर हसा.

आमच्या पीसीवर दोन सिस्टिम होत्या. विंडोज सगळ्यांना मोकळं – कारण घरी येणारा प्रत्येक पावणा "बघू तरी" म्हणत माउस धरायचाच. माझ्या मेहुण्यानं तर माझं कॉलेजातलं प्रेमपत्र शोधून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं! मग मी चिडून दुसऱ्या सिस्टिमचा, लिनक्सचा, भाग एन्क्रिप्ट केला. पासवर्डशिवाय त्यातलं ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही, असं कुलूप. पासवर्ड वीस अक्षरी, कुठंही लिहून न ठेवलेला. शहाणपणाचा कळसच!

आणि मी तो विसरलो.

आत आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सगळे फोटो होते. आबा वारलेले. मूळ फोटो पुराच्या पाण्यात गेलेले, स्कॅन केलेले तेवढेच उरले होते. तीन आठवडे मी डोकं आपटलं. आईला सांगायची छाती होईना. ती रोज विचारायची, "संज्या, आबांचा फोटू कधी दावतोस?"

"काम चाललंय," मी म्हणायचो.

खंडेनवमीला आमच्याकडं विळीपासून पान्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. बायको माहेरी गेलेली, म्हणून कीबोर्डला कुंकू लावायला मी आईला सांगितलं. आबा गेल्यापासून आईनं कुंकवाला हात लावला नव्हता.

"मी कसं रं लावू?"

"लाव की! मशीनला काय कळतंय?"

स्क्रीनवर पासवर्डची चौकट तशीच उघडी होती. मी झेंडू आणायला वळलो. आईनं कीबोर्डला पाच ठिकाणी कुंकवाचं बोट लावलं, शेवटचं त्या मोठ्या एंटरला... आणि हार्ड डिस्क घुरघुरली. लिनक्स उघडलं!

मी वळून बटणं मोजली. पासवर्ड वीस अक्षरी, कुंकू लागलेली बटणं पाच – त्यात एक एंटर! स्क्रीनवर मीच मागं लावून ठेवलेला फोटो – आबा, गॉगल घालून लुनावर बसलेले, हसतायत.

आई बघतच राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "येवढं कुलूप कुणासाठी रं घातलंवतंस? माझ्यासाठी व्हय?"

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटो लगेच सीडीवर घेतले. मग मशीन बंद करून परत लावलं. चार बटणांचे चोवीस क्रम होतात. चोवीसही मारून बघितले. चुकीचा पासवर्ड... चुकीचा पासवर्ड! शेवटी करंडा आईपुढं धरला. "आई, एकदाच परत लाव की."

"आता कशाला? भेटलं की ते," म्हणाली, आणि पोळ्या लाटायला गेली.

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण मशीनला काय कळतंय, असं मी आता क्लासात कुणाला म्हणू देत नाही.