चवडीच्या तळाची भाकरी

२०२५ साल. मी अठ्ठ्याहत्तरचा. उमरग्याहून फोन आला, अंकुश गेला. अंकुश म्हणजे माझा मेव्हणा, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. फोन ठेवल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की खरंच गेला, का मला बोलावून घ्यायची ही बी एक युक्ती?… उन्हाळाभर माझ्या मागं लागला होता ना. माझ्या नातीला, शीतलला, पुण्याला चिपांचं शिक्षण द्यायचं म्हणून. मी चौथी शिकलेला, पण इतकं कळतं. पुण्याच्या कॉलेजवाल्यांनी ह्याला पोरं गोळा करायला धाडलं असणार.

तो शेवटचा आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. भाकरीची चवड पुढं ओढून म्हणाला, "दाजी, मोबाईलच्या पोटात चिप असती, ती ही एक भाकरी समजा. काम वाढलं, भाकरी रुंद करत गेले, परात पुरंना. म्हणून आता एकावर एक रचत्यात. वरचा निरोप खाली न्यायला लांबनं वळसा कशाला? सरळ आरपार वाट." असं म्हणून त्यानं पोती शिवायचं दाभण चवडीत खुपसलं.

"अरं, अन्नाला टोचतोस व्हय!" त्याची बहीण ओरडली.

मी म्हणलं, "रचलं की तळाचं कोण बघतंय? टमाट्याच्या कॅरेटात वर लालभडक, खाली नासकं. तुमचं बी तसंच."

मला वाटलं गप बसंल. तो मांडी थोपटून हसला. "बराबर! म्हणून रचायच्या आधी एकेक तपासत्यात. एक नासकी आत गेली की अख्खी चवड वाया. तिथं शंकेखोर माणूसच लागतो, दाजी. ही पोरगी तुमच्यावरच गेलीय."

"आबा, ही शाबासकी हाय का शिवी?" शीतल म्हणाली.

"अन् तपासणाऱ्याला कोण तपासतं?" मी विचारलं.

"चला, दाखवतो. बघून न्हाय म्हणा. न बघता म्हणू नका."

मी गेलो नाही. तेव्हाच आजार अंगात होता, पण त्यानं त्याचं अवाक्षर काढलं नाही… माझ्याशी वाद घालत भाकरी गार होईस्तोवर बसणारा तो एकटाच होता.

राख सावडायला गेलो तर त्याचा पोरगा म्हणाला, "पप्पा सांगून गेलेत, दाजींना पुण्याचं कॉलेज दाखवायचं." बापानं पढवून ठेवलं असणार, मी मनात म्हणलं. घरी आलो. प्रवेशाची मुदत संपत आली होती. शीतल माझ्याकडं बघत नव्हती, काही मागतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन येरमाळ्याच्या स्टँडवर गेलो. पटलं म्हणून नाही, बघायला. पुण्याची गाडी लागली.

"आबा, बघून लगेच परत यायचं ना?" शीतलनं विचारलं.

"परत मी येतो," म्हणलं, अन् तिची बॅग आधी गाडीत टाकली.