न दिलेली चांगली कार्डं

सज्जनहो, टोप्या काढा, एक थोर गुन्हेगार कबुलीजबाब देतो आहे, आणि तो मीच! इंदिरानगरच्या बागेत गवत कापलं की त्या ओल्या वासाने मला आमची गोल्फची स्पर्धा आठवते. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला हँडिकॅप मिळतो, म्हणजे त्याच्या एकूण फटक्यांतून काही फटके वजा होतात, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकतो. आणि हा हँडिकॅप ठरतो आपणच क्लबात जमा केलेल्या, जुन्या डावांचे फटके लिहिलेल्या कार्डांवरून. वर्षभर मी वाईट डावांची कार्डं तत्परतेने दिली आणि चांगल्या डावांची गुपचूप खिशात घातली. खऱ्या हिशोबाने मला बारा फटके मिळायला हवे होते, मी वीस मिळवले. शेवटच्या फेरीत समोर होते मल्लेश्वरमचे अण्णा. मला स्टिक धरायला त्यांनीच शिकवलं होतं, त्यांचं प्रत्येक कार्ड खरं होतं, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनआधीची ही त्यांची शेवटची स्पर्धा होती. त्या सकाळी मी झकास खेळलो आणि एका फटक्याने चषक जिंकला. तो चषक आजही माझ्या कपाटात आहे, भिंतीकडे तोंड करून. कारण हरलेले अण्णा मला घट्ट मिठी मारून सगळ्यांसमोर आनंदाने ओरडले होते, "अरे, एका दिवसात एवढा सुधारलास कसा? स्वल्प, थोडंसं मलाही शिकव की!"