जित्या माणसाचा विमा

समुद्रात बुडी मारायला येतोस का, असं पुण्याच्या मित्रानं फोनवर विचारलं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो. कुठं, कधी, किती दिवस, काही विचारलं नाही. माझा स्वभावच तसला. आधी उडी, मग पाण्याची चौकशी.

हा मित्र आणि मी कॉलेजात असताना एका खोलीत राहिलेलो. ही विम्याची गोष्ट मात्र दोन हजार सालानंतरची. त्याच्या ऑफिसातले सहा जण मालवणला जाऊन स्कुबाचं शिक्षण घेणार होते. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि माशासारखं पाण्याखाली फिरायचं. चार दिवसांचा कार्यक्रम. त्यातला एक गळला होता. अट एकच. अपघात विमा पाहिजे, आणि स्कुबा चालतं असं त्यात स्वच्छ लिहिलेलं पाहिजे. पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारपर्यंत त्याची प्रत फॅक्स केली नाही, तर जागा दुसऱ्याला. मी म्हटलं, एवढंच ना? त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते राव.

आता वारूळवाडीच्या टोमॅटोवाल्याला हे वेड कशानं लागलं, ते सांगतो. पोरवयापासून आमच्या भागात कुणाच्या विहिरीत काही पडलं की मला बोलावणं यायचं. पंपाच्या पाइपाच्या बुडाला जो फूटवाल असतो, तो गाळात अडकायचा. मोटारीचा दोर तुटायचा. कुणाची कळशी, कुणाची अंगठी. छातीत हवा भरायची, दगडाच्या वजनानं तळ गाठायचा, चाचपडायचं आणि वर यायचं. याचे पैसे आमच्याकडं कुणी देत नाही आणि कुणी घेत नाही. पाण्यातल्या कामाला पैसा घेतला तर विहीर आटते, असं मानतात. नारळ, टॉवेल आणि टोपी, एवढाच मान. आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणला नाही.

बायकोला सांगितलं. ती पिंपरी पेंढारची, बारावीपर्यंत शिकलेली, आणि हातात पडलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा सोडत नाही. ती म्हणाली, विमा असेल तर जा. मी म्हटलं, अगं त्यांचीच अट आहे ती. तर म्हणाली, त्यांना नुसता कागद बघायचा असेल, मला वाचायचा आहे. इथंच माझं घोडं पेंड खायला लागलं.

नारायणगावात आमच्या ओळखीच्या शेठचं कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्याहून चांगलं मराठी बोलतात. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांनी विम्याची एजन्सी टाकली होती. आम्ही दोघं गेल्या गेल्या म्हणाले, भाऊ, काळजीच सोडा, सगळं कव्हर आहे. मी खुशीत येऊन सही करणार, तेवढ्यात बायकोनं कागद उलटा केला. मागं बारीक अक्षरात यादी होती. डोंगर चढणं, शर्यती, शिकार, विमानातून उडी आणि पाण्याखाली उपकरणानं श्वास घेणं, यातलं काही केलं तर विमा लागू नाही. शेठनं चष्मा पुसला, पुन्हा लावला. पाण्याखाली जाणारं गिऱ्हाईक आजवर आलंच नाही, असं कबूल केलं आणि आम्हाला चहा पाजला.

मग मला आठवलं की गावच्या शेतकी सोसायटीच्या सभासदांना एक गट विमा आहे. त्याचा कागद पेटीतून काढला. साप, वीज, बैलानं मारणं, विहिरीत पडणं, सगळं होतं. मी म्हटलं बघ, विहीर आहे, समुद्र काय लांब आहे. ती म्हणाली, नीट वाचा, पडणं लिहिलंय. पडला तर भरपाई आहे, स्वतःहून उडी मारली तर नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षांत मी एकदाही विहिरीत पडलो नव्हतो, आणि न पडणाऱ्यालाच विमा नाही म्हणजे काय न्याय झाला?

आठवड्यातले चार दिवस असे गेले. शेवटी मित्रानं दोन पॉलिश्यांचे नमुने शेठच्या दुकानात फॅक्सनं पाठवले. दोन्ही खास हौशी बुडीवाल्यांसाठी. साड्यांच्या गठ्ठ्यांवर कागद पसरून आम्ही तिघं बसलो. बायकोनं शाळेतली डिक्शनरी आणली होती. दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळीसुद्धा थांबून ऐकायला लागली. मला तर जत्रेत आल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या पॉलिशीवर माझा जीव जडला. मृत्यू झाल्यास मिळणारी रक्कम भली मोठी आणि हप्ता हलका. दुसरीत ती रक्कम निम्मीसुद्धा नाही आणि हप्ता जड. मी म्हटलं, यात विचार काय करायचा? मोठं ते घ्या. शेठनं मान डोलावली. बायको मात्र एकाच शब्दावर बोट ठेवून बसली होती. दाबाच्या खोलीतले उपचार म्हणजे काय, तिनं विचारलं.

ते मला मित्रानं सांगितलं होतं, म्हणून मी ऐटीत समजावलं. विहिरीत जाताना आपण वरचीच हवा छातीत घेऊन जातो. तिथं मात्र टाकीतली दाबाची हवा तळाशी घेत राहायची. ती रक्तात मुरते. सावकाश वर आलं तर सुटून जाते, घाईनं आलं तर सोड्याची बाटली फोडल्यासारखी अंगात फसफसते. हातपाय लुळे पडतात. मग माणसाला एका लोखंडी खोलीत ठेवून, पुन्हा दाब देऊन, हळूहळू उतरवावं लागतं. अशा खोल्या मोजक्या ठिकाणी, आणि तिथवर नेण्याचा खर्चही जबर.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की बायकोनं डिक्शनरी मिटून ठेवली आहे. मी हे नारळीपाकाची कृती सांगावी तसं सांगत होतो.

तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यात ती खोली नव्हती, नावेनं दवाखान्यात नेणं नव्हतं, आणि शिकाऊ माणूस तर चालतच नव्हता. दुसऱ्यात तिन्ही होतं. शिक्षकासोबत साठ फुटांपर्यंत शिकाऊसुद्धा चालत होता, आणि दवाखान्याचं बिल कंपनी परस्पर भरणार होती.

"ह्यो मेल्यावरचा इमा हाय," पहिला कागद बाजूला सारत ती म्हणाली. "मला जित्या माणसाचा पायजे."

बस्त्याला आलेल्या म्हातारबांनी म्हटलं, पोरगी बरोबर बोलतीय. शेठनंही लगेच बाजू बदलली.

फॉर्म मी स्वतः भरला. एक प्रश्न होता: बुडी मारण्याबद्दल आपणास काही मोबदला मिळतो काय? मी खरं बोलणारा माणूस. अभिमानानं लिहिलं, होय, नारळ, टॉवेल व टोपी. वर, अनुभव तीस वर्षे, असंही ठोकून दिलं. म्हटलं, कंपनीला कळू दे, कुणाशी गाठ आहे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपण धंदेवाईक पाणबुडे आहात, ही पॉलिशी हौशी लोकांसाठी आहे, सबब अर्ज नामंजूर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी डोक्यात राख घालून घेतली. फॉर्म करणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. शनिवारला चार दिवस राहिले होते. मित्र म्हणाला, नवा फॉर्म भर आणि नाही म्हणून मोकळा हो, नारळ बघायला कोण येतंय? शेठही हळूच तेच म्हणाले. बायको ठाम होती. खोटं लिहिलं आणि उद्या काही झालं तर पहिला फॉर्म त्यांच्याकडं आहेच, तेव्हा कंपनी हात वर करील आणि तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा राहील. मला हे पटत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता.

तिनंच कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिकडं एक बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. हिनं त्यांना नारळाचा सगळा रिवाज समजावला. तो नाकारता का येत नाही, तेही सांगितलं. नारळ परत केला तर विहिरीच्या मालकाचा अपमान होतो. बाई हसल्या असाव्यात, कारण ही पण हसली. शेवटी ठरलं की तीन विहीरमालकांनी, मजुरी दिली नाही, फक्त मान दिला, असं लिहून द्यावं, मग त्या वरच्यांना दाखवतील.

मी मोटारसायकलला किक मारली. काय दिवस होता तो! गावातलं पहिलं पत्र दहा मिनिटांत मिळालं. दुसरं पिंपरी पेंढारला, सासुरवाडीच्या शेजाऱ्यांचं, तिथं जेवल्याशिवाय सोडेनात. तिसरं पारगावला. तिथला मालक उसाच्या फडात होता. त्याची मोटार मी दोनदा काढली होती. ऐकून तो भडकलाच. मानाचा नारळ दिला, त्याची पावती मागतोस काय, म्हणाला. मी हात जोडले, समुद्र, टाकी, मासे, सगळं सांगितलं. हळूहळू त्याचे डोळे मोठे झाले. पत्र तर त्यानं दिलंच, वर एक नारळ दिला, समुद्राला घालायला. मी म्हटलं, भाऊ, ह्याचं कुणाला सांगू नका, नायतर कंपनी पुन्हा धंदेवाईक म्हणंल.

पत्रं फॅक्सनं गेली. शुक्रवारी दुपारी त्या बाईंचा फोन आला, तो बायकोनं घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघत शेजारी उभा. आधी तिचा चेहरा उजळला. मग ती थांबली. त्यांनी काहीतरी विचारलं होतं. "कुणी नसतं," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "न्हाई, एकटेच उतरतात. वर दोर धरून असतात लोक." आणि नुसतं हो, हो, लिहा, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पॉलिशी मंजूर झाली होती. फक्त एक वाक्य त्यात वाढणार होतं. पाण्याखाली जोडीदाराशिवाय एकट्यानं मारलेली बुडी, मग ती विहिरीतली का असेना, कंपनी धरणार नाही. ती जोखीम कुठलीच कंपनी घेत नाही, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

मी नाचायच्या बेतात होतो. म्हटलं, विहिरीतलं नसू दे ना, ते तर आपलं रोजचंच. तिच्याकडं बघितलं तर ती खुर्चीवर बसलेली.

"तुमी खाली गेलात ना, की मी वर श्वास धरते," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं. तुमी येईस्तवर सोडायचा न्हाई असं ठरवते. पन माझाच आधी सुटतो. दर बारीला."

वर आलो की लोक शिट्ट्या मारायचे, मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून गावभर मिरवायचो, आणि ही मुकाट्यानं घरी जाऊन चहा टाकायची. मला वाटायचं, हिला त्यात काही वाटत नाही. लाज वाटली मला, खरंच लाज वाटली. म्हटलं, जात नाही मी. रद्द करू. त्यावर ती उखडली. एवढा शोधून काढलेला विमा वाया घालवता का, म्हणाली, आणि शनिवारी सकाळी स्वतः नारायणगावला जाऊन, शेठकडं आलेली पॉलिशीची प्रत मित्राला फॅक्स करून आली.

मालवणला पहिल्या दिवशी शिक्षकानं एक नियम सांगितला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल म्हणाला, पण पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, घेत राहायचा आणि सोडत राहायचा. रोखून वर आलात तर फुप्फुस फाटेल. ऑफिसातल्या पोरांना ते चटकन जमलं. मला मेल्याला जमेना. पाणी डोक्यावर आलं की छाती आपोआप कुलूप लावायची. शिक्षक पुन:पुन्हा छातीवर थापटी मारून खूण करायचा, सोड. दुसऱ्या दिवशी कुठं बुडबुडे सुटायला लागले. आणि मग काय सांगू, पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या काचेला तोंड लावून बघत होते, खाली खडकावर जांभळं काहीतरी डोलत होतं, आणि मी तिथं अर्धा तास होतो. अर्धा तास! विहिरीत दीड मिनिट झालं की डोळ्यापुढं काजवे. आनंदानं मी पाण्याखाली ओरडलो आणि तोंडभर खारं पाणी प्यालो.

वर आल्यावर कपडे बदलायच्या आधी बाजारातल्या एसटीडी बूथवर पळालो. फोन तिनंच उचलला. मी सुटलोच. मासे, खडक, रंग, सगळं एका दमात. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ धरला श्वास?"

"धरलाच नाही," मी म्हटलं. "इथं धरायचाच नसतो. धरला तर ओरडतात. सारखा घेत राहायचा."

पलीकडून लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग उद्यापन जा."