दूध न धरलेलं समीकरण

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, बडोद्याच्या एका दवाखान्यात, डभोईहून आलेल्या एका मावशींना खोटं ठरवलं गेलं. कंपवाताची गोळी घेऊनही हात थांबत नाही, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घेतच नसाल."

माझ्या शेजारच्या गणिताच्या बाई दर मंगळवारी तिथे बाकावर बसून रुग्णांच्या वेळा टिपतात. गोळीनंतर मेंदूतलं डोपामिन कधी वाढतं, कधी ओसरतं, याची समीकरणं त्या मांडतात. बोलताना बोटाने हवेत चढउतार काढतात आणि वाक्यागणिक गुजराती ढंगात "बरोबर ने?" विचारतात.

त्यांचा आलेखही डॉक्टरांच्याच बाजूने होता: गोळी घेतली असेल तर एव्हाना हात थांबायलाच हवा. त्यांच्याबरोबर बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं, आता बाईही मावशींना झापणार. बाईंनी आलेखावर काट मारली.

"चुकलाय हा कागद, मावशी, तुम्ही नाही. गोळी कशाबरोबर घेता?"

"ग्लासभर दुधाबरोबर. एवढं कडक औषध रिकाम्या पोटी कसं घ्यायचं, बेन?"

"दुधातली प्रथिनं गोळीची वाट अडवतात. मी हिशेबात दूध धरलंच नव्हतं!"

डॉक्टरांपुढे त्यांनी आधी स्वतःची चूक सांगितली. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दुधापासून लांब ठेवली, पण मावशींची माफी कोणी मागितली नाही.

तुमच्या घरी कंपवाताचं माणूस आहे? मग आजच विचारा, गोळी किती वाजता आणि कशाबरोबर घेतली. उत्तर लिहा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.