वाऱ्याची चौकशी

आनंदीबाई आमच्या वॉर्डात सव्वीस वर्षं आया आहे. सही अजून एकेक अक्षर जुळवत करते, पण बाळंतिणीच्या चेहऱ्याकडे बघून ताप सांगते. मी स्टाफ नर्स, तरी तिच्यापुढे माझं शिक्षण काही चालत नाही. तोंडाची फटकळ, एवढंच.

चार महिन्यांपूर्वी पुण्याचे डॉक्टर निलेश आले. सिझेरियननंतर च्युइंगगम चघळलं तर आतडं लवकर हलू लागतं का, हे ते तपासत होते. निम्म्या बायकांना गम, निम्म्यांना नाही. वारा सरला की आतडं जागं झालं, मग पेज द्यायची. ती वेळ ते वहीत लिहीत. माणूस सज्जन, पण भारी लाजरा. खाली मान घालून विचारायचे, "वारा सुटला का?"

पेज रोज आनंदीबाई द्यायची, पण त्या दिवशी ती सुट्टीवर होती. रुमानाचं सिझेरियन आदल्या संध्याकाळी झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, तशी खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "सुटलो हा, सकाळधरना." त्यांनी वेळ लिहिली. मी पेज दिली.

दुपारपर्यंत पोट फुगून टणक झालं. मग उलट्या. हिरव्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, एक्स-रे काढला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, उद्यापर्यंत उतार नाही पडला तर गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. पेज माझ्या हातची होती ना.

निरोप मिळाल्यावर आनंदीबाई घरच्याच साडीवर आली. पोटावर हात ठेवला आणि सरळ विचारलं, "पादलंस काय गो?"

रुमानाने ओढणीने तोंड झाकलं. "नाय गो मावशे."

"मगे सकाळी होय कित्याक म्हणालंस?"

"माका वाटला डॉक्टर दर्यावरचो वारो इचारतत. ह्यांची होडी भायर गेली हा."

आनंदीबाईने माझ्याकडे वळून बघितलं. "बाय, इचारल्याशिवाय पेज कित्याक दिलंस?" मी इथल्याच आचऱ्याची. घरात उठता बसता हीच भाषा. शेजारी उभी होते आणि मला कळलं नाही! मेली माझी अक्कल.

ती रात्र आणि दुसरी सकाळ कशी काढली ते माझं मला ठाऊक. पोट तसंच. गाडी सांगून ठेवली होती. बाळ माझ्या मांडीवर रडत होतं, आणि मी पुन्हापुन्हा त्या पोटाकडे बघत होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रुमानाने आनंदीबाईच्या कानात काहीतरी सांगितलं. आनंदीबाईने वॉर्डभर ऐकू जाईल असं जाहीर केलं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

डॉक्टरांनी वही उघडली, पण लिहिलं नाही. मागची पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "आनंदीबाई, आधीच्या अडतीस जणीही मला 'सुटलो' म्हणाल्या. त्यांचं काय?"

"त्यांका मी इचारूनच पेज दिलंय, साहेब. कोणाक दुपारी, कोणाक दुसऱ्या दिवशी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी माका खंय इचारलात?"

एकेका पानावर डॉक्टरांनी आडवी रेघ मारली. चार महिन्यांचं काम. आणि बाई रोज त्याच वॉर्डात होती.